पत्र्याखालची दुपार: लातूरमधल्या एका घराचा उन्हाळा

पार्श्वभूमी

लातूरला उन्हाळा नवा नाही, पण लातूरचा उन्हाळा रात्री सोडायचा. बालाघाटच्या पठारावरचं गाव हे. खाली गोदावरीकाठी नांदेड, परभणी तापायचं तेव्हा इथेही दुपारी ऊन लागायचं. सहा वाजले की मात्र वारं सुटायचं. गच्चीवर बाज टाकून निजलेला माणूस पहाटे पायाशी ठेवलेली चादर अंगावर ओढायचा. माझ्या लहानपणीचे सगळे एप्रिल-मे असेच गेले. म्हणूनच इथल्या घरांना उन्हाची सवय नाही. नांदेडकडचा मालक घर बांधायला काढताना कूलर कुठे बसवायचा ते आधी विचारतो. मी वीस वर्षांहून जास्त काळ लातुरात घरांचे नकाशे काढतो आणि बांधकामावर देखरेख ठेवतो. हा प्रश्न मला इथे विचारला जायला लागला तो अगदी अलीकडे.

खालची हकीकत माझ्या ताईच्या सासरची आहे. घरच्यांना विचारूनच लिहितोय आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. यात माझाही वाटा आहे, तो आधीच सांगतो. ज्या खोलीत हे घडलं ती खोली २००९ मध्ये मीच उभी करून दिली होती.

घर दोन मजली. खाली हॉल, एक खोली आणि स्वयंपाकघर, वर स्लॅब. गच्चीच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात दहा बाय चौदाची पत्र्याची खोली. खाली दाजी, ताई आणि त्यांची मुलगी. दाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. वर ताईचे सासू-सासरे राहतात. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. वय बहात्तर. मार्केट यार्डात एका आडत दुकानावर त्यांनी चाळीस वर्षं मुनीमकी केली. अक्षर असं की व्यापारी पावती जपून ठेवायचे. सासूबाईंना घरात आक्का म्हणतात.

आक्का आणि अण्णा वर का राहतात, याला कारण आहे. आक्कांचं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. आक्कांची धाकटी बहीण त्यात गेली, माळवदाखाली. माळवद म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, त्यावर लाकडी तुळया आणि वर फूट-दीड फूट मातीचा थर. उन्हाळ्यात या घरासारखं सुख नव्हतं. भर दुपारी आत शिरलं की अंगावरचं ऊन उंबऱ्यातच उतरायचं. तीच माती त्या पहाटे लोकांच्या अंगावर आली. त्यानंतर आमच्या भागात माळवद कोणी बांधलं नाही. स्लॅब आला, पत्रा आला. आक्कांना स्लॅबखालीसुद्धा झोप लागत नाही. खोली बांधायला काढली तेव्हा त्या मला एवढंच म्हणाल्या होत्या, "पत्रा अंगावर पडला तर लागतंय रे बाबा. माती पडली तर माणूस जातंय."

मी पत्रा टाकला. उंची एका बाजूला साडेसात फूट धरली, कारण साहित्य तेवढंच होतं. भिंती चार इंची. खिडकी एकच, पश्चिमेला. खाली सीलिंग नाही. संडास खालच्या मजल्यावर, सतरा पायऱ्या उतरून. त्या वेळी यात मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. संध्याकाळी वारं सुटतंच, हे मी धरून चाललो होतो.

अडचण

भाची दोन वर्षं नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करत होती. लातुरात ज्या घरात अशी परीक्षा असते तिथे सगळं घर आवाज दाबून चालतं. टीव्ही बंद होतो, पाहुणे परस्पर वळवले जातात. अण्णा दुपारी जेवले की रेडिओ लावायचे आणि आक्कांशी मोठ्याने बोलायचे, कारण आक्कांना कमी ऐकू येतं. पोरीला त्रास नको म्हणून दोघं अकरा वाजता जेवून वर जायला लागले. कोणी तसं सांगितलं नव्हतं. दोन वर्षांत ती घराची शिस्तच झाली.

२०२४ च्या एप्रिलमध्ये उकाडा वाढला तेव्हाही शिस्त तीच राहिली. अण्णांचं जेवण कमी झालं. भाकरी सोडून नुसतं ताक पिऊन उठायचे. पायात रात्री गोळे यायचे. डोकं जड आहे, असं दोन-तीनदा म्हणाले. आक्कांनी उशाशी कांदा ठेवला. एका संध्याकाळी अंग तापल्यासारखं वाटलं म्हणून ताईने तापाची गोळी दिली. रक्तदाबाची गोळी ते बरीच वर्षं घेतात. तिच्यात लघवीवाटे पाणी काढणारं औषध आहे. आणखी एक गोष्ट घरात कोणालाच ठाऊक नव्हती. रात्री सतरा पायऱ्या उतरायला नकोत म्हणून अण्णा दुपारी चारनंतर पाणीच पीत नव्हते. ही गोष्ट आम्हाला दवाखान्यात कळली.

पाच मेला नीटची परीक्षा झाली. भाची त्या रात्री बारा तास झोपली. सात मेला लातुरात लोकसभेचं मतदान होतं. दाजी आदल्या दिवशीच निवडणुकीच्या कामावर बाहेरगावी गेलेले. अण्णा सकाळी दहाला मतदानाला गेले, पाऊण तास रांगेत उभे राहिले, बोटावरची शाई दाखवत घरी आले, ताक प्यायले आणि वर गेले. खाली आता कोणी अभ्यास करत नव्हतं. हॉल रिकामा होता, पंखा चालू होता. त्यांना "आता खालीच पडा की" असं म्हणायचं कोणालाच सुचलं नाही. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागतं ते हे. परीक्षा पाच तारखेला संपली होती.

पावणेपाचला आक्का खालून चहा घेऊन वर गेल्या. अण्णा बाजेवर बसलेले, डोळे उघडे, तोंडाने हिशेब चाललेला. तुरीचे कट्टे, वजन, पुन्हा कट्टे. आक्कांनी हाक मारली तर त्यांच्याकडे बघून परक्या माणसाशी बोलावं तसं "शेठ आले नाहीत अजून" म्हणाले. आक्कांनी हाताला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

त्या पंचवीस मिनिटांतले निर्णय

ताई आणि भाची धावत वर आल्या. खालच्या गल्लीतले दोघे जण आले. एकाने तांब्या अण्णांच्या तोंडाला लावला. भाचीने तो हातातून काढून घेतला. शुद्धीवर नसलेल्या माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे तिने कुठेतरी वाचलेलं होतं. सगळ्यांसमोर, वडीलधाऱ्या माणसाच्या हातातून तांब्या काढून घेणं अठरा वर्षांच्या पोरीला सोपं नसतं. तिने ते केलं.

दुसरा वाद झाला घामाचा. शेजारचे म्हणाले, घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, उष्माघातात अंग कोरडं पडतं. अण्णांचा सदरा पाठीला चिकटलेला होता. ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे आणि तिच्यामुळे वेळ जातो. म्हाताऱ्या माणसाचं अंग पुष्कळदा कोरडं पडतं हे खरं, पण घाम असूनही उष्माघात होतो. ओळखायची खूण म्हणजे अंग भाजतंय आणि बोलणं बिघडलंय. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांवर गेलं आणि मेंदू गोंधळला की थांबायचं नाही. तापाची गोळी अशा वेळी उपयोगाची नसते, कारण हा ताप आजाराने चढलेला नसतो.

तिसरा निर्णय ताईचा. एकशे आठला फोन झाला, गाडी यायला वेळ लागणार होता. तोवर अण्णांना खुर्चीवर बसवून चौघांनी खाली उतरवलं आणि हॉलच्या फरशीवर निजवलं. अंगावर पाणी ओतायचं होतं. त्या दिवशी घरात पाणी किती होतं, तर एक टीप, म्हणजे मोठं पिंप, आणि पाच घागरी. नळाला पाणी यायला अजून तीन दिवस होते. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं शहर आहे हे. पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून तेव्हा जमावबंदी लावली होती. ज्याने ते वर्ष काढलंय त्याचा हात भरलेल्या घागरीकडे जाताना आजही अडखळतो. ताई मला नंतर म्हणाली, "क्षणभर माझ्या मनात आलं की शुक्रवारपर्यंत प्यायचं काय. त्याची मला अजून लाज वाटते." मी तिला म्हटलं, लाज वाटायचं काही नाही, अडखळलीस ती क्षणभर आणि मग सगळी टीप रिकामी केलीस.

सदरा काढला, धोतर सैल केलं, ओली चादर अंगावर घातली, वरून तांब्या-तांब्याने पाणी, पंखा पूर्ण वेगात. समोरच्या रसवंतीतून बर्फ आणून फडक्यात बांधला आणि मानेला, काखेत, जांघेत ठेवला. गाडी पंचवीस मिनिटांनी आली. तोवर अण्णांचं हिशेब करणं थांबलं होतं आणि थंडी वाजतेय म्हणाले होते.

आधी दवाखाना की आधी गारवा, हा प्रश्न नातेवाइकांनी नंतर पुष्कळ चघळला. डॉक्टरांनी त्यावर स्पष्ट सांगितलं. दवाखान्यात पोचले तेव्हा ताप ३९.४ होता. मूत्रपिंडावर ताण आलेला, रक्तात सोडियम कमी. "घरी पाणी ओतलं नसतं तर मी वेगळंच काहीतरी सांगत असतो," असं ते म्हणाले. अण्णा चार दिवस दवाखान्यात राहिले. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलून दिली.

समोर असलेले पर्याय

अण्णा घरी आले तेव्हा मे अजून अर्धा शिल्लक होता. दाजींनी मला बोलावलं. ओट्यावर बसून आम्ही दोन संध्याकाळी बोललो.

दाजींचा पहिला विचार एसीचा. वरच्या खोलीत दीड टनाचा बसवायचा, कर्ज काढायचं. मी विरोध केला. चार इंची भिंती आणि उघडा पत्रा असलेल्या खोलीत एसी दिवसभर धापा टाकतो, बिल येतं आणि दुपारी लाइट गेली की खोली दहा मिनिटांत पुन्हा पहिल्यासारखी. खालच्या हॉलमध्ये एसी बसवणं मात्र मला चुकीचं वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. उष्माघात होऊन गेलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी तो चैनीचा नाही. पण अण्णांनीच नको म्हटलं आणि दाजींना कर्जही जड जात होतं. तो विषय तिथेच थांबला.

कूलरचं गणित पाण्यापाशी अडत होतं. साधा कूलर दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी खातो, म्हणजे आठवड्याला तीनशेच्या आसपास. अण्णांना हे पटत नव्हतं. "पाणी हवेत उडवायचं?" असं ते विचारायचे. मी त्यांना समजावलं की पाणी उडतं तेव्हाच गारवा मिळतो. बाहेर ४२ अंश आणि हवा कोरडी, आर्द्रता पंधरा टक्के, असं असेल तर चांगला कूलर २८-२९ अंशांची हवा देऊ शकतो. तोच कूलर जूनच्या तोंडाशी, ढग भरून आलेले असताना ३८ अंशांतही ३२च्या खाली नेत नाही, वर अंग चिकट करतो. आणि खोलीतली हवा बाहेर जायला समोर खिडकी उघडी पाहिजे. दार-खिडकी लावून कूलर चालवणं ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे.

पत्रा काढून स्लॅब टाकायचा, असंही एकाने सुचवलं. आक्का तिथून उठूनच गेल्या.

पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या किंवा उसाचं पाचट पसरायचं, हा गावाकडचा उपाय. स्वस्त आणि खरोखर गार. पण गच्चीवर वाळलेलं पाचट आणि शेजारच्या लग्नातले फटाके, या जोडीची मला भीती वाटली. मी नाही म्हटलं.

राहिला सगळ्यांत सोपा पर्याय, दोघांनी खाली यायचं. खर्च शून्य. पण आक्का एकतीस वर्षं स्लॅबखाली निजल्या नव्हत्या. त्यांना हे सांगायचं कोणी आणि कोणत्या तोंडाने?

मोजमाप

इथे मी एक गोष्ट केली जी मला पंधरा वर्षांपूर्वीच करायला हवी होती. एक साधा थर्मामीटर आणि दुरून पृष्ठभागाचं तापमान दाखवणारी गन घेऊन एक दिवस-रात्र त्या घरात बसलो. वर्तमानपत्रात छापून येतं ते तापमान वेधशाळेच्या पांढऱ्या लाकडी पेटीतलं असतं, सावलीतलं, वारा खेळता ठेवून मोजलेलं. ते गावाचं तापमान, आणि माणूस राहतो खोलीत.

त्या दिवशी गच्चीवर सावलीत सर्वाधिक ४१ भरलं. दुपारी तीनला पत्र्याची आतली बाजू ६१ अंश, खोलीतली हवा ४५, पश्चिमेची भिंत ४३. त्याच वेळी खालच्या हॉलमध्ये ३६. इथवर काही आश्चर्य नव्हतं.

आश्चर्य रात्री होतं. साडेदहाला पत्रा २९ वर आला होता. खिडकी आणि दार दोन्ही उघडं ठेवलं तर वरची हवा ३२. खाली हॉलचा स्लॅब मात्र ३९ आणि हवा ३६, दुपारी होती तेवढीच. पहाटे पाचला वर २७, खाली ३४. पत्रा पातळ, तापतो पटकन आणि निवतोही पटकन. स्लॅब दिवसभर ऊन पीत राहतो आणि रात्रभर ते खोलीत सोडतो. दुपारी वरची खोली भट्टी होती आणि रात्री तीच या घरातली सर्वांत गार जागा होती.

आक्कांना हे आकडे दाखवले. त्या म्हणाल्या, "मग निजायला मी खाली येणार नाही." आम्हीही म्हटलं, येऊ नका. दिवसा खाली, रात्री वर. एकतीस वर्षांच्या भीतीला धक्का न लावता मार्ग निघाला. खरं सांगायचं तर त्याआधी आम्ही सगळे त्यांना हट्टी ठरवायच्या बेतात होतो.

काय केलं

पहिला बदल घड्याळाचा. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेसात वर कोणी थांबायचं नाही. हॉलमध्ये अण्णांची बाज आणि रेडिओ आला. पूर्वेची खिडकी पहाटे उघडायची, नऊ वाजता पडदा ओढून लावायची.

दुसरं काम म्हणजे वरच एक छोटा संडास बांधला. अठ्ठावीस हजार लागले, सगळ्यांत मोठा खर्च तोच. उन्हाच्या उपायांत संडास का, असं गवंड्याने विचारलं. रात्री उठायची भीती गेली की माणूस संध्याकाळी पाणी पितो, एवढंच त्याचं उत्तर. अण्णा आता निजण्यापूर्वी दोन पेले पितात. दिवसा किती प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलं आहे; रक्तदाब-हृदयाच्या रुग्णाला ते विचारूनच ठरवावं लागतं, आणि गोळ्याही आपल्या मनाने बंद करायच्या नसतात.

तिसरं छताचं. इथे मी चुकलो. घाईत पत्र्यावर चुना मारून घेतला. पांढरा रंग ऊन परतवतो हे खरंच आहे. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, आणि पुढे तिथे गरीब वस्त्यांच्या छतांना पांढरा रंग देण्याचं कामही झालं. पण चुना स्लॅबला धरतो, गुळगुळीत पत्र्याला धरत नाही. वळवाचा पहिला पाऊस आला आणि सगळा चुना ओघळून भिंतीवर उतरला. मग पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा रंग दिला आणि खाली हॉलवरच्या स्लॅबला गोंद मिसळून चुन्याचे दोन हात. पत्र्याच्या वर दीड फुटावर हिरवी शेडनेट ताणली. ती पहिल्याच वादळी वाऱ्यात एका बाजूने फाटली; नंतर लोखंडी सांगाड्याला दोरीने सैल बांधली, तेव्हा टिकली. पश्चिमेच्या भिंतीपुढेही तशीच नेट सोडली. पूर्वेला नवी खिडकी फोडली आणि दाराला जाळी बसवली, म्हणजे रात्री दार लावून घ्यायला नको.

कूलर शेवटी घेतला, हॉलसाठी. लोखंडी बॉडीचा, गवताचा. अण्णांनी अट घातली की फक्त बारा ते पाच चालेल. पाणी इतकं क्षाराचं की गवत पंधरा दिवसांत पांढरं पडून कडक झालं. दर रविवारी टाकी रिकामी करून धुवावी लागते. हे काम आता भाचीचं आहे.

काय झालं

२०२४ च्या मेच्या शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा मोजलं. बाहेर पुन्हा ४१. वरच्या खोलीत दुपारी तीनला ३८, म्हणजे सात अंशांनी कमी. तरीही तिथे बसण्यासारखं नाही, आणि कोणी बसत नाही. हॉल कूलर लावून ३०.

अण्णा वाचले, पण पूर्वीसारखे झाले नाहीत. चालताना तोल सांभाळावा लागतो. गंजगोलाईच्या बाजारापर्यंतचा रोजचा फेरा आता कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत आला आहे. उष्माघातात मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागाला इजा होऊ शकते, असं डॉक्टरांनी सांगितलं. हातही थोडा थरथरतो. "वाचला ना माणूस" असं लोक म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण पाच तासांच्या दुपारने काय नेलं, ते त्या घरात रोज दिसतं.

२०२५ चा उन्हाळा या उपायांची पूर्ण परीक्षा घेणारा ठरला नाही, हेही सांगायला हवं. एप्रिल तापला, पण मेमध्ये मराठवाड्यात अवकाळी पाऊस एवढा झाला की कूलर झाकून ठेवावा लागला. एका एप्रिलवरून छातीठोकपणे बोलण्यात अर्थ नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत आधी माझं. २००९ मध्ये मी उंची दहा फूट धरली असती, समोरासमोर दोन खिडक्या दिल्या असत्या आणि पत्र्याखाली साधं सीलिंग टाकलं असतं तर खर्च पंधरा-वीस हजारांनी वाढला असता. मालकाने मागितलं नाही म्हणून मी सुचवलं नाही. आता पत्र्याची खोली बांधून घ्यायला कोणी आलं की तिथे दुपारी कोण असणार आहे, हे मी पहिल्यांदा विचारतो. बहुतेक वेळा उत्तर येतं, म्हातारं माणूस किंवा भाड्याने राहणारी शिकणारी पोरं. लातुरात शिकायला आलेल्या कितीतरी पोरांच्या खोल्या अशाच गच्चीवर आहेत.

दुसरं, त्या आठ-दहा दिवसांतल्या खुणा. भाकरी सुटली, पायात गोळे आले, डोकं जड झालं. यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या माणसाला माहीत होती. ताक ताईला, गोळे आक्कांना, डोकं दाजींना. तिघांनी एकत्र बसून एकदा बोलायचं राहून गेलं. तापाची गोळी दिली त्या संध्याकाळीच डॉक्टरांकडे नेलं असतं तर पुढचं कदाचित टळलं असतं. रक्तदाबाची गोळीसुद्धा होळीच्या सुमाराला, ऊन वाढण्याआधी, डॉक्टरांना एकदा दाखवून घेता आली असती.

मतदानाला सकाळी सातला नेता आलं असतं. दाजी घरी असते तर नेलं असतं. गाडी चालवणारा घरातला एकुलता माणूस बाहेरगावी जाणार आहे, तेव्हा मागे कोण काय करेल हे ठरलेलं नव्हतं. आता उन्हाळ्यात एक भरलेली टीप झाकण लावून बाजूला असते. तिला कोणी हात लावत नाही. रिकामी करायची वेळ आली तर विचारायचं नाही, हे ठरलेलं आहे.

एसीवर दाजींचं आणि माझं आजही एकमत नाही. मला वाटतं हॉलमध्ये तो हवा. ते म्हणतात, आणखी एक उन्हाळा बघू.

अण्णांना मी तो थर्मामीटर देऊन टाकला. सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री दहा, असं ते रोज तापमान बघतात आणि आडतीतल्या जुन्या लाल वहीत लिहितात. तारीख, वर, खाली, शेरा. आकडे रकान्याबाहेर जातात, अक्षर ओळखू येत नाही. १९ एप्रिलच्या नोंदीपुढे शेऱ्यात लिहिलंय: "वारं सुटलं. आक्का पांघरूण मागितली."